संदर्भ क्रमांक एक्केचाळीस

३ नोव्हेंबर, सोमवार

लेख परत आला. नाकारलेला नाही — संदर्भ सुधारून पाठवा, एवढंच. त्रेसष्ट संदर्भ, आणि त्रेसष्टही चुकीच्या पद्धतीने लिहिलेले! वर्ष लेखकाच्या नावापुढे कंसात हवं होतं, मी शेवटी टाकलं. मुदत सतरा तारीख. त्यानंतर 'लेख मागे घेतला असे समजण्यात येईल'.

डिसेंबरात पदावर फेरनिवड. एक लेख कमी पडतोय. तो हाच.

४ नोव्हेंबर

संशोधन केंद्रातल्या शेजारच्या टेबलावरून ब्लागोया म्हणाला, "अगं, संगणकाला दे की ते काम! हाताने कोण करतं आता?"

दिलं होतं. संगणकाने आमच्या एका जुन्या संशोधकाची दोन माणसं केली. सिरिलिक लिपीत लिहिलेले लेख एकाचे, लॅटिन लिपीतले दुसऱ्याचे. बिचाऱ्याला पुन्हा एक करण्यात दुपार गेली.

लेखिका मी एकटी, पण लेखात सगळीकडे 'आम्ही'. आम्ही मोजले, आम्हांला आढळले. तशी पद्धतच आहे. आज ब्लागोया सोडून बोलले कुणाशी? पाववालीशी. "एक की दोन?" "एक."

६ नोव्हेंबर

सत्तावीसपर्यंत झाले. पानांच्या आकड्यांमधली रेघ आखूड नको, लांब हवी. सत्तावीस लांब रेघा.

८ नोव्हेंबर, शनिवार

केंद्रात कुणी नाही. बाहेर तळं राखाडी, स्त्रुगा गावाच्या काठावरच्या खुर्च्या उचलून ठेवलेल्या.

प्रत्येक संदर्भाचा मूळ लेख उघडून बघतेय — मी म्हणते ते तिथे खरोखर आहे का. हे कुणी सांगितलेलं नाही. पण नाव घ्यायचं तर त्या माणसाने ते म्हटलेलं तरी असावं.

एक्केचाळीसला थांबले. 'तळ्यातल्या या गोगलगायी तळाच्या थंड झऱ्यांपाशी भर हिवाळ्यातही अंडी घालतात.' लेखाचा अख्खा तिसरा भाग या वाक्यावर उभा आहे. संदर्भ — मीच. २०१२, पान ८८. उघडलं. तिथे लिहिलंय: 'लेखिकेचे स्वतःचे निरीक्षण.'

मी पाहिलेलं नाही. निरीक्षण फेब्रुवारीतलं, आणि त्या फेब्रुवारीत मी स्कोप्येला होते, आईच्या खाटेशी.

९ नोव्हेंबर

मला सांगितलं होतं नौमकाकांनी. केंद्राची होडी चालवायचे. कालिश्ताच्या कड्याखाली, अकरा वाव दोरी सोडली होती, नांगराचा दगड वर ओढला तर अंडी चिकटलेली! त्यांनी ते हाताने करून दाखवलं होतं, दोन बोटांच्या चिमटीत.

मी त्यांचं नाव घातलं होतं. खरंच घातलं होतं. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी खोडलं. "नावाड्याचं नाव? शास्त्रीय लेख आहे हा, लग्नपत्रिका नाही."

खोडलं त्यांनी. 'स्वतःचे' हा शब्द मात्र मी लिहिला.

लेख छापून आला तेव्हा कुणीतरी काकांना वाचून दाखवला. त्यानंतर ते माझ्याशी तळ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हवा बरी आहे, हवा बरी नाही. आधी 'पोरी' म्हणायचे, मग 'डॉक्टरबाई'. या गावात माझ्याशी तासभर बोलणारं ते एकच माणूस होतं. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको दाफिना गेली, तेव्हासुद्धा मी दारातच हात मिळवून परतले.

१० नोव्हेंबर

नियतकालिकाच्या सूचनांत नियम सापडला. तोंडी माहिती यादीत घालायची नाही, मजकुरात द्यायची — सांगणाऱ्याचं नाव, साल, आणि सोबत त्याची सही असलेलं संमतिपत्र.

ब्लागोयाला सांगून बघितलं. "वेडी आहेस का? लेख तुझा, संदर्भ तुझा. तक्रार करणार कोण, गोगलगाय?"

हसले. तो खरंच मजेदार बोलतो. तो जेवायला गेल्यावर संमतिपत्र छापून घेतलं.

१२ नोव्हेंबर

गेले. नौमकाका पडवीत, खारवायला घातलेल्या कोबीच्या पिंपाशी होते. तळाशी नळ, त्यातून खारं पाणी काढायचं आणि वरून परत ओतायचं.

"या, डॉक्टरबाई. हवा बरी आहे."

मी सगळं एका दमात सांगितलं. ते ओतत राहिले.

"तेरा वर्षं," म्हणाले. "वाट चुकली होतीस? चार गल्ल्या तर आहेत."

"माझं चुकलं, काका."

"आता कुणी विचारलं का तुला?"

"नाही. पण नियम आहे."

"म्हणजे नियम नसता तर आली नसतीस."

 मी पिशवीतून संमतिपत्र काढलं.

कागद वाचून दाखवला. "'हे मी स्वतः पाहिले व लेखिकेस सांगितले' — मग तुमचं नाव, सही."

"स्वतः पाहिलं?"

"हो."

"तसंच लिहिलंय? स्वतः?"

"काका, तुम्हीच ना पाहिलं!"

"ठेव तिथे. हात ओले आहेत."

मग पळीभर पाणी पुढे केलं. "चाख. दाफिना बघायची हे. मला अंदाज येत नाही."

तोंड पोळेल इतकं खारट. "छान आहे," मी म्हटलं.

"खारट आहे. खरं सांगायला काय होतं गं तुला?"

घरी येईपर्यंत जिभेवर मीठ होतं. तो 'स्वतः' मलाच मारलेला टोमणा, दुसरं काय?

१४ नोव्हेंबर

संदर्भ बासष्ट झाले. एक्केचाळीसची जागा रिकामी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाक्य काढून बघितलं. तिसरा भाग कोसळला, मग निष्कर्षही. परत घातलं. जुना संदर्भ तसाच ठेवला तर कुणाला कळेल? कुणालाच नाही. नौमकाकांना इंग्रजी येत नाही. दुपारभर तो संदर्भ यादीत होता, अगदी बिनचूक — वर्ष कंसात, रेघ लांब. इतकं स्वच्छ खोटं मी आधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी काढला.

१६ नोव्हेंबर

दाराखाली लिफाफा, तिकीट नसलेला. म्हणजे स्वतः चालत आले, आणि दार वाजवलं नाही. कागदाला कोबीचा वास. उद्या केंद्रात उघडीन.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सही नाही. छापलेलं नाव खोडलंय आणि वर लिहिलंय — दाफिना.

खाली पेन्सिलीने: 'त्या दिवशी मी तापाने पडलो होतो. होडी तिने नेली. तिने मला सांगितलं आणि मी तुला — मी पाहिलं म्हणून. तुझा लेख घरात वाचला गेला तेव्हा ती हसली. म्हणाली, दोघं सारखेच. पुढे तळ्याचं काही बोलायला मला तोंड राहिलं नाही. राग तुझ्यावर नव्हता, पोरी. फेब्रुवारीत होडी काढतो. ये आणि बघ.'

मुदत आज पाचपर्यंत होती. आता सहा वाजलेत. लेख पाठवलेला नाही.