बावखलातलं औषध

आबा, परवा तुमच्या पणतीने मला विचारलं, "आजी, तू तरुण असताना पण अशी साथ आली होती ना? तेव्हाचं सरकार पास की फेल?" कॉलेजात त्यांची वादविवाद स्पर्धा आहे आणि गेल्या महामारीत सरकारने काय केलं, काय नाही, यावर तिला सहा मिनिटं बोलायचंय. मी म्हटलं, "बरं होतं सरकार, जसं असतं तसं," आणि दूध उतू जातंय असं सांगून आत गेले. दूध काही उतू जात नव्हतं. ती पोरगी हुशार आहे, तिला कळलंच असणार. पण पास की फेल, असं एका शब्दात विचारल्यावर मी काय सांगायचं होतं? म्हणून तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे, तरीही पहिल्यापासून लिहिते. माझं असंच असतं, मधूनच सांगता येत नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा. गास गावाच्या रस्त्याला लागून आपली वाडी, पुढे केळी, मागे पानमळा आणि पानमळ्याच्या मधोमध विहीर. त्याच विहिरीवर आपलं घर आणि शेजारची दोन घरं पाणी भरायची. पानमळ्यात चप्पल घालून कुणी जायचं नाही, हा तुमचा कायदा. वेल म्हणजे देवता, तिला विटाळ खपत नाही. महिन्याचे चार दिवस आईलासुद्धा आत पाऊल टाकायची बंदी, मग मी किंवा शेजारची काकी तिच्यासाठी दोन हंडे आणून ओट्यावर ठेवायचो. एकदा एक पानांचा व्यापारी बूट घालून सरळ आत शिरला तेव्हा तुम्ही त्याला असा काही फैलावर घेतलात की तो बिचारा बूट हातात घेऊन रस्त्यापर्यंत अनवाणी पळाला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. त्या उन्हाळ्याआधीची आई आठवायची म्हटलं की मला ती तशीच, खांबाला टेकून हसताना दिसते.

पटकी, म्हणजे कॉलरा, तेव्हा जगभर हिंडत होती म्हणे, रेडिओवर सांगायचे. आपल्याकडे ती खाडीकडच्या आळीतून आली. सरकारी जीप गावात शिरली की लोक घरं सोडून केळीत लपायचे, कारण जीप म्हणजे नसबंदी, हे डोक्यातून अजून गेलं नव्हतं. सुई टोचायला आलेल्या नर्सबाईला कुणी दार उघडेना. वर्षभर आधी लोकांना धरधरून नेलं, आणि आता म्हणे विश्वास ठेवा. मी त्या पोरीच्या जागी स्पर्धेत उभी असते ना, तर माझी सहा मिनिटं यावरच संपली असती.

मग सायकलवरून पावडरवाले आले. नाव काय होतं कुणास ठाऊक, सगळं गाव त्यांना पावडरवालेच म्हणायचं. घाटावरचा माणूस, काळाकभिन्न, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हँडलला बादली आणि मागे पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची गोणी. विहिरीत ती पावडर टाकायची आणि टाकल्याची खूण म्हणून वाडीच्या खांबावर गेरूने फुली मारायची, हे त्यांचं काम. तुम्ही त्यांना फाटकातच अडवलंत. "दादा, पायताण काढून येतो की," ते म्हणाले. खरंच वाकून वहाणा काढायलाही लागले होते. पण तुमचं लक्ष वहाणांकडे नव्हतंच, गोणीकडे होतं. तिचा वास नाकात झोंबत होता. तुम्ही म्हणालात, "मी टाकतो. द्या हिकडे." त्यांनी कागदाच्या पुडीत पावडर बांधून दिली. बादलीत कालवा, निवळी विहिरीत ओता, रात्रभर पाणी उपसू नका, असं भराभरा सांगितलं, खांबावर फुली मारली आणि गेले. त्यांना अजून किती विहिरी करायच्या होत्या. पाणी उकळून प्या, हे ते बोलले नाहीत. बहुधा त्यांनाही तसं कुणी सांगायला सांगितलं नसावं.

आणि तुम्ही ती पुडी घेऊन विहिरीकडे न जाता बावखलाकडे गेलात. परवा त्या पोरीला बावखल म्हणजे काय हेही सांगावं लागलं असतं. वाडीत खणलेलं पावसाच्या पाण्याचं तळं, ज्याचं पाणी जमिनीतून झिरपत झिरपत विहिरीला मिळतं. आमच्या पिढीला हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत. बावखल भरलं की विहीर भरते, बावखल आटलं की विहीर आटते. मे महिना, तळाशी गुडघाभर पाणी. तुम्ही कालवलेलं औषध त्यात ओतलंत. मी शेजारीच उभी होते, वीस वर्षांची घोडी. तुम्ही म्हणालात, "थेट टाकला तं वेली करपतील. पानी झिरपून जाते ना, तं औषदपन जाईल. गाळून जाईल." मला ते इतकं पटलं, आबा. माझा बाप किती डोकेबाज, असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी बावखलात बारके मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. तुम्ही मला बोलावून दाखवलंत. म्हणालात, "बघ, केवढा जालीम हाय. वेलींचं काय झालं असतं?" पाणी झिरपतं तेव्हा औषध मातीतच मरतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी, नोकरीत असताना एका प्रशिक्षणात कळलं.

सगळ्या गावाच्या चहाला त्या पावडरीचा वास यायचा, आपल्या चहाला येत नव्हता. आई खूश. काकीला कपभर चहा देऊन म्हणायची, "आमच्या पान्याला वास नाय गो, बघ पिऊन." हे वाक्य मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगताच येत नाही.

मग एका दुपारी शेजारच्या म्हाताऱ्याला, काकीच्या सासऱ्याला, जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत आईलाही. तुम्ही बैलगाडी जुंपलीत. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या शाळेत सरकारने तात्पुरता दवाखाना उघडला होता. बाकं भिंतीला लावलेली, खाली चटया, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. मी ज्या वर्गात पाढे म्हटले त्याच वर्गात, फळ्याखाली, आईला निजवलं. तिचे डोळे आत गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. एक बाटली लागली, तेवढ्याने ती जराशी बोलायला लागली. "केलीचे घड उतरवायचे हायेत," एवढंच म्हणाली. दुसरी बाटली नव्हती. नर्सबाई रडकुंडीला आली होती. बाटल्या तालुक्याला पडून आहेत, पण आणणार कशातून, जीप तालुक्याच्या साहेबांना घेऊन साथीच्या पाहणीला गेलीय. पाहणी! आबा, साहेब साथ पाहत गावोगाव फिरत होते आणि ती साथ इथे फळ्याखाली माझ्या आईला घेऊन जात होती. जीप आली दुसऱ्या सकाळी, बाटल्यांची खोकी घेऊन. तोवर आपण आईला घरी नेलेलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तर मला जाळतेच. तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने देत राहिलो असतो, तर आई कदाचित जगली असती. हे तेव्हाही शिकलेल्या डॉक्टरांना ठाऊक होतं. गावात हे येऊन सांगायला ना जीप लागत होती, ना गोणी. एक वाक्य पुरलं असतं. उलट आपण तिला पाणीच देत नव्हतो, उलटी होईल म्हणून. ती मागत होती. खाडीपलीकडे मिठागरांत मिठाचे ढीग पडलेले आणि घरात साखरेचा डबा भरलेला, आबा.

सुतक संपलं न संपलं तोच देवळापुढे सभा बसली. साहेब आले, खुर्च्या मांडल्या, सरबत झालं. गाव पेटलेलं होतं. पावडरच्या नावाखाली चुना दिला, पावडरवाल्याने पैसे खाल्ले, त्याला निलंबित करा, असा आरडाओरडा. पावडरवाले कडेला खाली मान घालून उभे. कुणीतरी आपल्याच वाडीचा दाखला दिला, की खांबावर फुली आहे आणि तरी या विहिरीने दोन माणसं नेली, आता याहून पुरावा काय हवा? साहेब पावडरवाल्यांकडे वळून म्हणाले, "काय हो, खुलासा करा." आणि तुम्ही उठलात. टोपी हातात होती. "पावडर चांगली होती साहेब. मी विहिरीत टाकलीच नाय. बावखलात टाकली. माझी बायको माझ्यामुले गेली. शेजारचा म्हातारापन माझ्यामुले गेला." तुम्हाला सभेत बोलायची सवय नव्हती, आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी काय, काय म्हणून विचारलं, आणि तुम्ही ते सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून सांगितलंत.

तेव्हा साहेबांचा चेहरा मी पाहिला. उजळला होता. ते ताडकन उठून म्हणाले, "बघा मंडळी, सरकार कितीही करो, जनतेने साथ द्यायला नको?" मग स्वच्छतेवर चार शब्द, आणि जीपमध्ये बसून निघालेसुद्धा. बाटल्या कुठे होत्या, जीप कुठे होती, मीठ-साखर का सांगितली नाही, उकळायला का सांगितलं नाही, एवढी जालीम पावडर फाटकात पुडी बांधून का दिली, हे एकानेही विचारलं नाही. विचारणार कोण? पोळलेला माणूसच उभा राहून मी केलं म्हणतोय. पावडरवाल्यांची नोकरी वाचली, याचा मला आनंद आहे, तो माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्यामागून सरकारही तुमच्या पाठीवर पाय देऊन पार झालं. परतताना काकी माझ्यासोबत चालत होती. तिचा सासरा गेलेला, तिला तुमचा राग यायला हवा होता. ती खाडीकडची, सरळ बोलणारी. म्हणाली, "तुज्या बापान खरा सांगला गो. पन आर्दाच सांगला." मग आमच्या ओट्यावर बसून तिने तांदूळ निवडले, आणि आमच्यासाठी शिजवूनही गेली.

मी तुमच्याशी किती दिवस धड बोलले नाही, आठवतंय? तुम्हाला वाटलं, आईमुळे. मी ते तसंच राहू दिलं असंही नाही, एकदा भांडलेच होते ना तुमच्याशी, केळीच्या घडाला दोरी बांधता बांधता. "बाटलीबद्दल का बोलला नाहीत?" म्हणून. तुम्ही म्हणालात, "माझी चूक हाय तवर दुसऱ्याची कशी काढू?" मी म्हटलं, "दोन्ही काढायच्या!" तुम्ही दोरीची गाठ मारून पुढच्या झाडाकडे गेलात. पुढच्या उन्हाळ्यात पावडरवाले पुन्हा आले, वहाणा काढायला वाकले, तर तुम्हीच म्हणालात, "राहू द्या पायात. काटे हायेत." ते वहाणांसकट पानमळ्यातून विहिरीपर्यंत गेले आणि तुम्ही फाटकाकडे तोंड करून उभे राहिलात. हळूहळू तुम्ही वेलींना पाणी द्यायचं सोडलंत. आणि मग काही वर्षांनी तुम्हीही गेलात, अंगणात, कुणाला काही त्रास न देता. मला रडूच येईना, कारण माझ्या मनात तुम्ही सभेनंतरच थोडे थोडे जायला लागला होतात.

तर आता निकाल. सरकार फेल होतं, आबा. तुम्ही पुडी विहिरीत टाकली असतीत तरी ते फेलच होतं. तुमची चूक एका विहिरीपुरती. ती एका शेतकऱ्याने आपल्याजवळच्या शहाणपणाने केली आणि सगळ्या गावासमोर कबूल केली. त्यांची चूक गावोगाव होती आणि ती आजवर कुणी कबूल केलेली नाही. हे त्या पोरीला मी सांगू शकले असते, सहा मिनिटं पुरली असती. पण ती विचारणार, "मग पणजी नेमकी कशाने गेली?" आणि तिथे मला तुमचं बावखल सांगावं लागणार, म्हणून मी दुधाकडे पळाले. इतकी वर्षं मी सरकारला शिव्या देते, लोकांना वाटतं, हिची आई गेली म्हणून. खरं सांगू? आई गेली ती गेली. सरकार दोषी ठरायला हवं होतं ते तुमच्यासाठी. तेवढंच ओझं तुमचं हलकं झालं असतं आणि मला माझा बाप परत मिळाला असता.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. आणि तुमचा पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही ते नीट वाचलं असतंत, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं असतंत, आणि मग टोपी हातात घेऊन उठला असतात आणि म्हणाला असतात, हेसुद्धा माझ्यामुलेच झालं.