धुळवडीचा फोटो

प्रिय सत्यशीला,

दूध डेअरीवर पोचतं केलं, गोठ्यातलं शेण काढलं, अंगणात सडा टाकला आणि मग नेहमीसारखं ओलं फडकं घेऊन तुझ्या वडिलांच्या फोटोची काच पुसली. चंदनाचा हार काढून झटकला, परत घातला. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशीची सकाळ होती ती. थंडी कडक होती, रंभाजीभाऊजी शेकोटीपाशी चहा पीत बसले होते आणि गाय लाथ मारते म्हणून तिच्यावर चिडत होते. काहीही वेगळं नव्हतं. त्या दिवसापासून कामं होतात, भाकरी थापली जाते, पण हात माझे आणि मी दुसरीकडेच कुठेतरी उभी, असं चाललंय.

तू तिकडे बडोद्याला सुनेच्या बाळंतपणात अडकलीस, त्यामुळे तुला वडिलांच्या पुतळ्याच्या कार्यक्रमाला येता आलं नाही. रोज फोनवर विचारतेस, पुतळ्याचा फोटो का पाठवत नाहीस. मी सांगितलं, मोबाईल बिघडलाय. मोबाईल बिघडलेला नाही. फोनवर सांगायला घेतलं तर तू मध्येच रडशील, मग मी थांबेन आणि ते तसंच राहील. म्हणून कागद घेतला. तुझ्या अंकलिपीवर बोट ठेवून मी वाचायला शिकले, ती अक्षरं आज उपयोगाला येतायत.

पुतळा चांगला झाला होता. चौकात काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर छातीपर्यंतचा पुतळा, खाली कोरलेलं: शहीद जवान कानिफनाथ विठोबा गुंजाळ. मूर्तिकाराने आपला फोटोच नेला होता. आठ दिवस आधी पुतळा चौथऱ्यावर बसवला, तेव्हा तो कापडाने झाकायच्या आधी पारावरची मंडळी भाऊजींना चिडवायची, "नाना, ह्यो तर तुमच्यावरच गेलाय की! मिशी तेवढी राहिली." एरवी भाऊजी कुणाचं ऐकून घेणारे नाहीत. पण ते हसले नाहीत, चौथऱ्याकडे फिरकलेही नाहीत. मला वाटलं, भावाची आठवण येत असेल. सख्खे भाऊ, सारखे दिसणारच. आयुष्यभर लोक म्हणतच आले होते, कानिफ असता तर रंभाजीसारखाच दिसला असता.

त्या दिवशी दुपारी सरपंच एका म्हाताऱ्या माणसाला घरी घेऊन आले. अजीज पठाण, जामखेडचे. तुझ्या वडिलांबरोबर एकाच तोफेवर होते. नोकरीनंतर ते मुलाकडे भोपाळला राहिले, आता गावी परतलेत. माजी सैनिकांच्या संघटनेने त्यांना शोधून काढलं होतं. हातात काठी, डोक्याला मफलर, बोलणं आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं. मी पाटावर बसायला लागले तर म्हणाले, "वयनी, तुमी खुर्चीवर बसा. कानिफ्याची बायको खाली आन मी वर, तो वरून शिव्या घालंन मला." मला हसू आलं. तुझ्या वडिलांना कुणी कानिफ्या म्हटलेलं किती वर्षांनी ऐकलं. मग चहा झाला. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, चष्मा पुसला, उठून जवळ गेले आणि मला विचारलं, "ह्यो कोन?"

मी म्हटलं, हेच ते. त्यांनी मान हलवली. "न्हाई वयनी. माफ करा. ह्यो कानिफ न्हाई." सरपंच तरुण आहेत, त्यांना घाई. ते म्हणाले, "चाचा, वय झालं आता. इतक्या वर्षांनी कोन वळखनार हाय?" अजीजभाई शांतपणे म्हणाले, "मी वळखलं की." मग म्हणाले, कानिफचा म्होरला दात तुटलेला होता. त्याची त्याला लाज वाटायची, म्हणून हसला की तोंडावर हात धरायचा. कान मोठे, कपाळ रुंद. गोळा पडला तेव्हा मी पाणी आणायला गेलो होतो, परत आलो तर... ते काठी टेकत परत खुर्चीवर बसले.

तोंडावर हात. पोरी, तो हात मला आठवला. लग्नानंतर ते हसायचे आणि हात तोंडावर जायचा, मला वाटायचं, आपल्याला लाजतायत. हात आठवला, मनगटावरचं गोंदण आठवलं. चेहरा आठवला नाही.

मी भाऊजींना हाक मारली. ते दारातच उभे होते. आत आले नाहीत, चौकटीला धरून तिथेच खाली बसले. सरपंचांना वाटलं चक्कर आली, ते पाणी आणायला धावले. भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, त्यो मी हाय."

धुळवडीला आपल्याकडे वीर काढतात ते तुला माहीत आहे. ज्या घरातला माणूस लढाईत गेला, त्या घरातला एक जण त्याचे कपडे अंगावर चढवतो, हातात त्याच्या नावाचा, देवघरातला चांदीचा टाक घेतो आणि वाजतगाजत नदीवर जातो. त्या दिवशी तो माणूस तो राहत नाही, वीरच होतो. घरातल्या बाया त्याचे पाय धुतात, त्याच्याशी गेलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. तुझे वडील डिसेंबरच्या लढाईत गेले. तिकडेच अग्नी दिला, घरी आली ती त्यांची पेटी. पेटीत एक गणवेश होता. पुढच्या धुळवडीला तुझ्या आजीने तो रंभाजीभाऊजींच्या अंगावर चढवला. तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे. मी तेव्हा बेलापूरला माहेरी होते, तुझ्या वेळची बाळंतीण. त्यामुळे मी यातलं काही पाहिलं नाही.

भाऊजींनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या आजीने, त्यांचे पाय धुतले, पदराने पुसले आणि विचारलं, "कानिफा, लई थंडी वाजती का रं तिकडं?" मग त्याच म्हणाल्या, "वाजती म्हन की." तेव्हा ते म्हणाले, "व्हय आई, वाजती." मिरवणुकीचे फोटो काढायला संगमनेरहून फोटोवाला आला होता. आत्याबाईंनी त्याला घरी आणला आणि सांगितलं, माझ्या कानिफचा एक फोटू काढ. घरात तुझ्या वडिलांचा एकही फोटो नव्हता. लग्नातही कुणी काढला नव्हता, आणि ते फौजेतून पाठवणार होते तो कधी आलाच नाही. भाऊजी ताठ उभे राहिले. फोटो आला तेव्हा आजीने त्याला हार घातला. भाऊजी म्हणाले, "आई, ह्यो तर मी हाय." तुझ्या आजीने उत्तर दिलं, "त्या दिशी तू नव्हतास."

मी तुला घेऊन परत आले तेव्हा फोटो भिंतीवर होता. आत्याबाईंनी तुला उचलून त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, बघ गं, तुझा बाप. मी पाहिलं. गणवेशाच्या बाह्या पार बोटांवर आलेल्या, टोपी कानांवर उतरलेली. मला वाटलं, सीमेवर खायचे हाल झाले असतील, किती वाळले. मी रडले ते त्यासाठी. भाऊजी तेव्हाही दारातच उभे होते म्हणे. सगळं सांगून झाल्यावर मला म्हणाले, "म्या काय करनार व्हतो वयनी? तुमी त्या फोटूकडं बघून भाकर खायला लागला. आन पोरगी त्याला आबा म्हनायला लागली. तुज्या काकूलासुदिक बोललो न्हाई कधी." बोलता बोलता माझ्याशी बोलतायत की तुझ्याशी, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

तुला वाटेल, आईने नवऱ्याला ओळखलं कसं नाही. मीही स्वतःला तेच विचारते. लग्नात मध्ये अंतरपाट. नंतर महिनाभराची रजा. दिवसा सासूसासऱ्यांपुढे डोक्यावर पदर, मान खाली. रात्री चिमणी विझवलेली. एकदाच ते विहिरीवर ओंजळीने पाणी पीत होते तेव्हा मी बाजूने चोरून नीट पाहिलं होतं. तो चेहरा मी जपून ठेवलाय असं मला वाटत होतं. आता डोळे मिटले की विहिरीवर रंभाजीभाऊजी उभे असतात, ढगळ टोपी घालून. वर्षानुवर्षं काच पुसता पुसता मी माझा माणूसच पुसून टाकला. पुस्तकं मी पुष्कळ वाचली, वाचनालयातल्या मुली आता मला विचारून पुस्तकं नेतात. पण असं कुठे वाचलं नव्हतं, त्यामुळे याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

आणि मग एकदम लक्षात आलं. पोरी, जिवंत माणसाच्या फोटोला मी हार घालत होते. पितृपक्षात त्याला नैवेद्य दाखवत होते, आणि तेच ताट मग भाऊजींपुढे ठेवत होते. ते मुकाट्याने जेवायचे. आपल्याच श्राद्धाचं जेवण हा माणूस दरवर्षी जेवला आणि उठून औताला गेला. मी तिथल्या तिथे स्टुलावर चढले आणि हार काढला. अजीजभाईंनी स्टूल धरलं. फोटो मात्र तसाच ठेवला. भाऊजींचा आहे, भाऊजी घरातले आहेत.

सरपंच तोवर घामाघूम झाले होते. आमदार येणार, शाळेची कवायत बसवलेली, मांडव घातलेला. म्हणाले, "आजी, आता आहे ते राहू द्या. चाचा कुनाला सांगनार न्हाईत, आपन सांगनार न्हाई. पुतळा काय, प्रतीक असतंय." अजीजभाई म्हणाले, तुम्ही ठरवा वयनी, मी तुमच्या शब्दाबाहेर नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरंच कळेना. पुतळा राहिला तर उद्यापासून सगळं गाव जिवंत माणसाला हार घालणार, आणि त्याला रोज डेअरीवर जाताना ते बघायचं. पुतळा काढला तर तुझ्या वडिलांना चेहराच राहत नाही. मी म्हटलं, तुम्ही जा, मी सांगते.

ते गेल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले. मला वाटलं पुतळ्याचं काही म्हणतील. ते म्हणाले, "वयनी, गावाला काय सांगायचं ते सांगा. पोरीला सांगू नका. ती मला लबाड म्हनंल." तेव्हापासून ते घरात जेवत नाहीत. ताट गोठ्यात मागवतात, अर्धं गायीला घालतात. मी खूप समजावलं, ऐकत नाहीत. म्हणून हे पत्र. तुला सायकलवर संगमनेरच्या शाळेत कुणी सोडलं, तुझ्या लग्नात पाठवणी करताना मांडवाच्या खांबाला धरून कोण रडलं, हे मी तुला सांगायला नको. तू ज्याला बाप म्हणून नमस्कार करत होतीस तो माणूस फोटोच्या बाहेरही होता, गोठ्यात होता, तुझी फी भरत होता. चेहरा त्याने चोरलेला नाही, त्याच्या आईने मागितला म्हणून दिला. तुझ्याकडच्या भिंतीवर तोच फोटो आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव, फक्त त्याला हार असेल तर आधी काढ. कुणाच्या तरी मोबाईलवरून तुझ्यापर्यंत हे उलटसुलट पोचण्याआधी माझ्याकडून पोचावं, आणि पत्र वाचून झालं की तू नानांना फोन करावास, एवढ्यासाठी लिहिलं. काय बोलायचं ते सुचलं नाही तर नुसतं जेवलात का विचार. कारण गावाला आता माहीत आहे. दुसऱ्या दिवशी चौकात सगळे जमले, झेंडा फडकला, पोरांची कवायत झाली आणि सरपंचांनी पुतळ्यावरच्या कापडाची दोरी माझ्या हातात दिली. मी ती ओढली नाही. माईक मागून घेतला, या कापडाखालचा चेहरा माझ्या दिराचा आहे आणि नाव माझ्या नवऱ्याचं आहे एवढं सांगितलं, खाली बसून दगडातल्या नावावरून हात फिरवला, त्या नावाला हार घातला आणि अजीजभाईंना घेऊन घरी आले.

तुझीच,
आई