कोपराच्या आतल्या बाजूला

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत आहे, सातवीच्या पुढे ते गेलंच नाही. आता लिहितो आहे, कारण एक गोष्ट गेली तीन वर्षं मला नीट जेवू देत नाही. तसा जेवतो मी, पण घास गिळताना ती आठवते.

मी व्हँकुव्हरला मुलीकडे असतो, तिच्या घराच्या बेसमेंटमध्ये. हीटर चालू राहिला का, मागचं दार लागलं का, हे मी दिवसातून चार वेळा बघतो आणि त्यावरून मुलगी ओरडते. इथे मला नातीमुळे बेसबॉलचा नाद लागला. मोठ्या क्लबांच्या हाताखाली गावोगाव छोटे संघ असतात आणि तिथे अठरा-वीस वर्षांची पोरं तयार होतात. जो तयार होतो त्याला एक पायरी वर पाठवतात, जो होत नाही त्याला घरी. मी ते माझ्या पद्धतीनं लक्षात ठेवलं. सगळ्यात खालचा संघ म्हणजे बिगरी, आमच्या गावातला म्हणजे पहिली-दुसरी, आणि वर टोरांटोचा मोठा संघ म्हणजे मॅट्रिक. नात म्हणते, "आजोबा, इट्स नॉट स्कूल." मी म्हणतो, "नापास होतात ना? मग शाळाच." रोज सकाळी चहाच्या आधी ती मला फोनवर कोण चढलं, कोण उतरलं ते दाखवते आणि मी ते वहीत लिहून ठेवतो. मला मोठा संघ बघण्यात रस नाही. तिथे सगळे पास झालेले. मला ही पोरं बघायला आवडतात, कारण त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं.

या पोरांना पगार इतका थोडा की भाडं परवडत नाही, म्हणून उन्हाळ्यापुरतं गावातली कुटुंबं एकेकाला घरी ठेवून घेतात. चर्चमध्ये तशी सूचना लागली आणि मुलीनं आपलं नाव दिलं. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये आमच्याकडे एक पोरगा आला, डॉमिनिकन देशाचा, एकोणीस वर्षांचा, पिचर. पिचर म्हणजे गोलंदाजच, फक्त धावत न येता उभ्या जागेवरून हात झोकून चेंडू फेकतो. बेसमेंटमधली दुसरी खोली त्याची. तांदळाची भाकरी आणि कोंबडीचं सुकं तो असं जेवायचा की मुलगी म्हणायची, "बाबा, उद्यापासून दोन कोंबड्या." तोही आपल्यासारखाच कॅथलिक. संध्याकाळी रोझरी म्हणायला आम्ही सोबत बसायचो, तो स्पॅनिशमध्ये, मी मराठीत, आणि मणी बरोबर एकाच वेळी पुढे सरकायचे. मला तो अबुएलो म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडे आजोबा.

पहिल्या सामन्यानंतर त्याचा दंड आखडला होता. मी खोबरेल कोमट केलं आणि चोळून दिलं. मग ते रोजचंच झालं. त्याला बरं वाटायचं आणि मला, बाबा, फार वर्षांनी आपले हात कशाला तरी उपयोगी पडतायत असं वाटायचं. मी त्याला सांगितलं, "माय फादर, बोन डॉक्टर. बिग." तुम्हाला कोणी डॉक्टर म्हटलेलं आवडायचं नाही, पण हाडवैद्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. आपल्या ओटीवरची ती गर्दी, बांबूच्या कामट्या, आंबेहळदीचा वास, हे सगळं मी त्याला हातवाऱ्यांनी सांगितलं. तो डोळे मोठे करून ऐकायचा.

ऑगस्टमध्ये त्याचा चेंडू मंदावला. मैदानावरच्या पाटीवर प्रत्येक चेंडूचा वेग ताशी मैलांत येतो आणि तो मी वहीत उतरवत होतो. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, मग एक्याण्णव. नात म्हणाली, "ही इज टायर्ड, आजोबा." मला तसं वाटलं नाही. मग एका शनिवारी दुपारी तो माझ्या खोलीत आला, दार लावलं आणि कोपराची आतली बाजू माझ्यासमोर धरली. दुसऱ्या दिवशी टोरांटोहून क्लबचा माणूस त्याला बघायला येणार होता. चांगला खेळला तर त्याला वरच्या संघात पाठवणार, असं त्याला सांगितलं होतं. संघाच्या फिजिओला दुखणं सांगितलं तर उद्या बाकावर बसवतील, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. "अबुएलो," तो म्हणाला, "गुड? नो गुड?"

मी डोळे मिटून बोट फिरवलं, तुम्ही फिरवायचात तसं. हाडाच्या उंचवट्याच्या जरा खाली जागा गरम होती, आणि दाबल्यावर जिथे दोरीसारखं ताठ लागायला हवं तिथे मऊ लागलं. तुम्ही सांगायचात, रोग्याच्या तोंडाकडे बघू नकोस, पायाच्या बोटांकडे बघ. मी डोळे उघडून बघितलं. तोंडानं तो हसत होता आणि पायाची बोटं आत वळली होती.

मला कळलं, बाबा. शंका नव्हती. आणि मी म्हणालो, "मसल. नथिंग." तेवढ्यानं त्याचा चेहरा मोकळा होईना, म्हणून पुढे म्हणालो, "माय फादर हियर, ही से, प्ले." तुमचं नाव घेतलं तेव्हा कुठे तो उठला. त्यानं माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला आणि शिटी वाजवत गेला.

मी असं का केलं? त्याचं भलं व्हावं म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं कारण मला सोळाव्या वर्षापासून माहीत आहे. तुम्ही चर्चमध्ये मिस्साला गेला होतात आणि पानवेलीच्या मळ्यात शिडीवरून पडलेल्या एका माणसाला त्याच्या घरच्यांनी आणलं. सगळे माझ्याकडे आशेनं बघत होते. मी मनगट चाचपलं आणि म्हटलं, मुरगळलंय, काही नाही. त्याच्या बायकोनं माझे हात धरले. तुम्ही आलात, बोट ठेवलंत आणि मोडलेलं हाड बांधायला कामट्या मागितल्यात. ते गेल्यावर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "तुझ्या हाताला गुण आहे. पण समोरच्याचं तोंड पडलेलं तुला बघवत नाही. असा माणूस लोकांना लुळं करतो. आजपासून कोणाला हात लावायचा नाही." मी रागानं मुंबईला कारखान्यात लागलो आणि तुम्ही मला विद्या दिली नाहीत असं जन्मभर सांगत फिरलो.

रविवारी ऊन छान होतं. पहिल्या तीन डावांत त्यानं सुंदर फेक केली. मी वहीत लिहितही होतो, आणि देवाची शपथ, मला वाटायला लागलं होतं की माझंच बोट चुकलं. चौथ्या डावात एक चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून थेट मागच्या जाळीवर गेला. पोरगा चेंडूकडे बघत नव्हता. आपल्या हाताकडे बघत होता, तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. नात उभी राहिली. "आजोबा, व्हॉट हॅपन्ड? व्हॉट हॅपन्ड?" मी वही मिटली.

कोपरातला बंध तुटला होता. पुढे ऑपरेशन झालं, मनगटाजवळची कंडरा काढून कोपरात बसवली. त्यानं सगळ्यांना सांगितलं की आधी काहीच दुखत नव्हतं, त्या चेंडूलाच पहिल्यांदा दुखलं. त्यानं मला वाचवलं की स्वतःची नोकरी वाचवली, मला माहीत नाही. मुलीनं मात्र सोमवारीच स्वयंपाकघरात विचारलं होतं. "बाबा, तुम्ही रोज चोळत होता ना त्याचा हात? तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"मी कुठे हाडवैद्य!" मी म्हणालो. "माझ्या बाबांनी मला शिकवलंय कुठे काही?"

ती म्हणाली, "हो ना. उगाच विचारलं," आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो.

म्हणजे शनिवारी तुम्ही मोठे वैद्य होतात, कारण तुमच्या नावावर मला एका पोराला खूश करायचं होतं. सोमवारी तुम्ही मला काही न शिकवलेला बाप झालात, कारण मला सुटायचं होतं. दोन्ही वेळा मी पुढे केलं तुम्हालाच.

पुढे मी त्याचं नाव रोज बघत राहिलो. एक वर्ष नुसतं फ्लोरिडात बरं होणं. मग बिगरीच्या संघात परत. वेग एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. यंदा वसंतात एका सकाळी नातीनं फोन माझ्यापुढे न धरता पालथा ठेवला. "काढलं त्याला," ती मराठीत म्हणाली. ती मराठीत क्वचितच बोलते.

गेल्या महिन्यात त्यानं व्हिडिओ कॉल केला. मामाच्या गॅरेजमध्ये काम करतो, टायर बदलतो, तब्येतीनं भरलाय. नातीशी हसून बोलला, मग मला म्हणाला, "अबुएलो, युअर पापा, गुड डॉक्टर. माय आर्म, बॅड लक." तेव्हा बोलायला हवं होतं. नात फोन धरून उभी होती, तिनं नीट समजावून सांगितलं असतं. मी त्याला कळतं तेवढंच मराठी विचारलं, "जेवलास का?"

आणि आता तुम्हाला एवढं लांबलचक लिहितो आहे. तुम्हाला लिहिताना माझं काही जात नाही, तुम्ही आहातच कुठे. हे सगळं लिहायला हवं होतं त्याला. त्याला मराठी येत नाही, हे कारण मला फार सोयीचं झालंय. नातीला सांगितलं तर ती एका दुपारी इंग्रजीत करून देईल. पण मग ते तिलाही कळेल, आणि ती तर रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन बसते. काल जिन्यावरून डोकावून तिनं विचारलं, "आजोबा, एवढं काय लिहिताय?"

मी म्हटलं, "ग्रोसरीची यादी."