गिरणीवाल्या काकूंचं मत

अण्णा, परवा मी मेढ्याच्या वरच्या गावाला जाऊन आले. तुम्ही कंडक्टर होतात ती मुक्कामी एसटी जायची ना, त्याच गावाला. गिरणीवाल्या काकूंना भेटायचं होतं. माझं शिक्षण त्यांच्यामुळं झालं असं मी आजवर धरून चालले होते आणि त्यांना ते एकदा तोंडानं सांगायचं राहून गेलं होतं. तुम्ही गेलात, मागून आई गेली. म्हटलं, आता ही एक बाई तरी राहून जायला नको. साडी घेतली, सांगलीहून सकाळची गाडी धरली, साताऱ्यात उतरून मेढ्याची गाडी पकडली. वाटेत कंडक्टरशी बोलायचा प्रयत्न केला, पण तो हातातल्या यंत्रावर तिकिटं काढत होता आणि कानात त्याच्या गाणी चालू होती. त्याच्याकडं कोणी पुस्तकं देतं का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. तुम्हाला मात्र विचारायचंय, आणि बरंच विचारायचंय.

आधी मला काय काय आठवतं ते सांगते, म्हणजे कुठं चुकत असेल तर तिथं तुम्ही मान हलवाल. साताऱ्याचं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही पहिली गाडी खाली आणून, डेपोत हिशेब देऊन घरी आलेले. खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पाटावर बसलाय, पुढ्यात चहा, आणि शेजारी ती कापडी पिशवी. वाचनालयाच्या बाईंनी शिवून घेतलेली. वरच्या गावातल्या वाचकांना पुस्तक बदलायला साताऱ्याला येणं जमायचं नाही, म्हणून पुस्तकं तुमच्यामार्फत जायची यायची. पण बाईंचा एक नियम होता. आधीचं पुस्तक कसं वाटलं ते वाचकानं सांगायचं, त्याशिवाय दुसरं मिळणार नाही. त्या म्हणायच्या, "मी त्या लोकांना पाहिलेलं नाही. त्यांचं मत कळल्याशिवाय पुढचं काय देऊ?" मत लिहून पाठवायला वाचकांना कंटाळा, म्हणून तेही तोंडीच यायचं. म्हणजे पुस्तकाबरोबर मतही तुम्हीच वाहून आणायचात, आणि वाटेत विसरू नये म्हणून वाचनालयात जाण्याआधी स्वयंपाकघरात आईपुढं एकदा म्हणून बघायचात.

मी दारात वेणी घालत उभी असायची आणि ऐकायची. शाळेत पुस्तकाबद्दल कोणी असं बोलत नसे. तिथं प्रत्येक पुस्तक थोरच असायचं. तुमच्या पिशवीतली पुस्तकं मात्र बिचारी रोज बोलणी खायची. सुभेदारांना, म्हणजे पलटणीतून पेन्शन घेऊन गावी आलेल्या त्या गृहस्थांना, लढाईवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्यांचं मत तुम्ही त्यांच्याच आवाजात म्हणायचात: "लिहिणारा कधी खंदकात बसलेला नाही. बसला असता तर पहिल्या पानावर चिखल आला असता." हिमालयातल्या प्रवासाचं एक पुस्तक काकूंना गेलं होतं. त्यांचं मत असं, की हा मानूस डोंगरावर डोंगर चढतोय, पन वाटेत त्याला भाकरी कुनी करून घातली त्यांची नावं का सांगत न्हाई? ताऱ्यांवरच्या पुस्तकाबद्दल काकू म्हणाल्या होत्या की समजलं थोडंच, पन वाचून झाल्यावर अंगनात उभं ऱ्हावंसं वाटलं, म्हंजे चांगलंच असनार. यावर आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आवं, गिरणी चालू असताना त्या काकूंना येवढं बोलायला सवड कवा मिळती?" तुम्ही चहाच्या कपात बघत बसलात. मला त्याचं हसू आलं होतं, पण कशाचं हसू ते कळलं नव्हतं.

आणि ती अदलाबदल. बाईंनी काकूंसाठी पाककृतींचं आणि सुभेदारांसाठी खुनाच्या तपासाचं असं पुस्तक दिलं, आणि तुम्ही ती उलटी पोचवलीत. बाजाराचा दिवस होता, गाडीत कोंबड्यांच्या पाट्या होत्या, एवढंच कारण तुम्ही दिलंत. आठवड्यानं सुभेदारांचा निरोप आला: "या पुस्तकात मीठ चवीपुरतं घ्या असं लिहिलंय. हा काय हुकूम झाला? किती ते स्पष्ट पाहिजे. तरी दोन पदार्थ केले. मंडळी खूश आहेत." काकूंनी खुनी कोण ते मध्यावरच ओळखलं होतं म्हणे, आणि त्यांना आता तसलंच पुस्तक हवं होतं. ते ऐकून बाई टेबलावर डोकं टेकवून हसल्या, असं तुम्ही सांगितलंत. त्यानंतर त्या अधूनमधून मुद्दामच भलतं पुस्तक द्यायला लागल्या. आपल्या घरात तुम्ही पुस्तक हातात धरलेलं मी कधी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं होतं, अण्णा, तुम्ही का नाही हो वाचत? तुम्ही पिशवीची नाडी आवळत म्हणालात, "पुस्तकं काय आपली न्हाईत. आपन निस्ती पोचवायची." माझी समजूत पटली, कारण तुमचं शिक्षण सातवीपर्यंतचं आणि दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. मी पुढं विचारलंच नाही.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यातलं सांगते. मोठे काका एक स्थळ घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं, पोरगी शिकली तेवढी बास झाली, मुलगा नोकरीला आहे, जमीन आहे, आणखी काय पाहिजे? मला सांगलीला कॉलेजात जायचं होतं. आईचा जीव खालीवर होत होता. तुम्ही मोठ्या भावापुढं कधी ब्र काढला नव्हता, तेव्हाही काढला नाहीत.  मी मनातून तुमच्यावर फार चिडले होते अण्णा. रस्त्यात उतारू भांडले की तुमचा आवाज अख्ख्या गाडीला ऐकू जायचा, तो घरात कुठं जातो, असं वाटायचं. आणि मग एक दिवस, नेहमीसारखे पाटावर बसून, तुम्ही काकूंचं मत म्हणायला लागलात. एक कादंबरी होती. त्यातल्या हुशार मुलीला तिचा बाप पुढं शिकू देत नाही, एवढंच मला त्यातलं कळलं. काकू म्हणतात, असं म्हणून तुम्ही सुरुवात केलीत: "त्या पोरीचं मला कायबी वाटलं न्हाई, ती खंबीर हाय. राग आला त्यो तिच्या बापाचा. समदं कळतंय त्याला, आन तरी लोक काय म्हनतील म्हनून दारात बसून ऱ्हातोय. असल्या मानसानं लेकीच्या तोंडाकडं बघावं तरी कसं? मला फुडं वाचवंना. पुस्तक मिटलं."

आईचा हात परातीत थांबला. ती तुमच्याकडं बघत होती, तुम्ही जमिनीकडं. नंतर ती म्हणाली, "काकूंना सांगा, मिटू नगा म्हनावं. पुरं वाचा." तेवढंच. पुढच्या वेळी मोठे काका आले तेव्हा आईच पुढं झाली आणि म्हणाली, हिला आम्ही सांगलीला घालतोय. काका तुमच्याकडं वळले, आणि तुम्ही म्हणालात, "व्हय दादा. ठरलंय." मी होस्टेलला जायला निघाले त्या दिवशी माझी ट्रंक तुम्ही टपावर चढवलीत, आणि मला वाटत होतं, मेढ्याच्या डोंगरात एक बाई पीठ दळत बसली आहे आणि तिला पत्ताही नाही की तिनं कुणाचं काय केलं. तेव्हापासून मी त्या काकूंना मनात धरून आहे. पलूसच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, पहिला पगार झाला, तेव्हाही त्याच आठवल्या होत्या.

तर परवा काकू भेटल्या. आता त्यांचं वय फार झालंय, ऐकायला कमी येतं, पण डोकं शाबूत. गिरणी नातू चालवतो, शिवाय त्यानं स्ट्रॉबेरी लावलीय. मी कुणाची ते सांगितल्यावर म्हणाल्या, "आगं, कंडक्टरची व्हय तू!" साडी मांडीवर ठेवली. मग मी त्यांना ती कादंबरी, तो बाप, मिटलेलं पुस्तक, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "न्हाई बाई. म्या न्हाई असं बोलले. माजी आपली गिरणी घरघरायची. तुजा बाप इचारायचा, कसं वाटलं? म्या म्हनायची, बरं हाय, दुसरं आन." मी म्हटलं, अहो, भाकरी करून घालणाऱ्यांची नावं? ते तारे? काकूंनी मान हलवली. "न्हाई गं. सुभेदार बोलायचे, त्ये लय बोलायचे. माजं एकच आठवतंय. भुताचं पुस्तक दिलं हुतं, तवा म्या सांगितलं, ह्यातली भुतं काय कामाची न्हाईत, निस्ती हिंडत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्ये बापाचं पुस्तक तर माज्या हातातच आलं न्हाई. तुजा बाप म्हनला, काकू, ह्ये आठवडाभर माज्याकडं ऱ्हाऊ द्या. गाडी लागली की दिस मावळंस्तवर पायरीवर बसून वाचायचा. समदीच वाचायचा त्यो. जेवायला हाका मारून आमी दमायचो."

गाडीच्या पायरीवर. मी तिथं जाऊन उभी राहिले, जिथं गाडी लागते तिथं. अण्णा, मला आधी रडू यायला पाहिजे होतं, पण खरं सांगते, मला नुसते प्रश्नच प्रश्न पडले. कंटाळा आला की तुम्ही पानं गाळायचात का? ताऱ्यांचं पुस्तक मिटून तुम्ही कुठल्या अंगणात उभे राहिलात? ती अदलाबदल चुकून झाली होती की खुनाचं पुस्तक तुम्हाला आधी वाचायचं होतं? वाचनालयाच्या बाईंना ठाऊक होतं का? त्या पुस्तकं काकूंसाठी निवडत होत्या की तुमच्यासाठी? आईला कळलं होतं, एवढी आता माझी खात्री आहे. "पुरं वाचा" हा निरोप काकूंना नव्हताच. मिश्रणातून पदार्थ वेगळे कसे करायचे हे मी पोरांना दरवर्षी शिकवते, आणि तुमच्या पिशवीत तुमचं किती आणि दुसऱ्याचं किती हे काही मला वेगळं करता येत नाही. त्या बापाला शिव्या घालताना तुम्ही स्वतःला किती घातल्या, तेही कळत नाही. एवढं मात्र कळतं की जे स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या घरात बोलता आलं नाही, ते तुम्ही डोंगरातल्या एका बाईच्या नावानं बोललात, आणि माझ्यासाठी बोललात. मी आयुष्यभर आभार भलतीकडंच मानत होते. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे अण्णा. हे तुम्हाला मी कधी म्हटलं नाही, आपल्याकडं म्हणत नाहीत.

निघताना काकू साडी परत द्यायला लागल्या. "माजं काय न्हाई ह्यात, मग ह्ये कशापायी?" मी म्हटलं, तुमचं नाव वापरलं ना इतकी वर्षं, त्याबद्दल ठेवा. त्या हसल्या आणि ठेवून घेतली.

सांगलीत आमचं एक वाचकमंडळ आहे. महिन्यातून एकदा रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येकानं काय वाचलं ते सांगायचं. कोणी कविता आणतं, कोणी शेअरबाजारावरचं, एक डॉक्टर नेहमी पक्ष्यांवरचं आणतात. आणि सगळी पुस्तकं अप्रतिम असतात. मोबाइलच्या ग्रुपवर तर हात जोडलेलीच चित्रं. काल बैठक होती. यंदाच निघालेल्या एका कादंबरीची सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली. मला ती मुळीच आवडली नव्हती, पण लेखक आमच्या अध्यक्षांचे स्नेही, आणि अध्यक्ष समोर बसलेले. माझी पाळी आली.  हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, ते पोचवणारा माणूस होता तो तुम्हीच. म्हणून इथं सांगून टाकायला हरकत नाही. मी म्हणाले, "आमचे अण्णा असल्या पुस्तकाला म्हणायचे, ह्यात समदे रडत्यात, पन घरात चूल कोन पेटवतंय त्येचा पत्ताच न्हाई." सगळे हसले, आणि मग पहिल्यांदाच त्या घरात पुस्तकावर खरंखुरं भांडण झालं. चहा देताना डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमचे वडील खूप वाचायचे वाटतं?" मी म्हटलं, "हो. खूप." ते खरं होतं. मत मात्र माझं होतं, अण्णा.