प्याल्यात उरलेलं

रविवार, संध्याकाळ

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला एकच. सगळे त्यालाच ओठ लावतात, शेवटी उरलेला द्राक्षारस पाळक स्वतः पितात, आणि प्याला माझ्याकडे धुवायला येतो. नेहमी रिकामा.

आज त्यात दोन घोट होते.

सुलतान बाजारात रस्ता झाडणारी शांताबाई आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या शेवटी प्यायला आली. आपल्यामागून प्यायला लोक कचरतात, हे तिच्या लक्षात आलं असणार. पण पाळकसुद्धा? "झाडाला ओता," म्हणाले, माझ्याकडे न बघता. वेदीवर त्याला प्रभूचं रक्त म्हणायचं आणि नंतर झाडाला घालायचं!

मी मागच्या नळाशी प्याला धरून उभी. ओतवेना. आणि खरं लिहायचं तर, प्यायचाही धीर होईना. तेवढ्यात चपला शोधत शांताबाईच तिकडे आली. प्याल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"द्या अक्का, मीच पिते. माझंच उष्टं हाय न्हवं?"

मी दिला.

ती प्यायली. मग पदरानं प्याल्याचा काठ नीट पुसला, मला हातात घ्यायला बरं वाटावं म्हणून.