आठ तलवारींमधली बाई

लालबाग, ता. २४ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. बकुळास, आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी फाउंटनला काय झालं ते गिरगावात तुला कळलंच असेल. संपामुळे मिल बंद. हे सकाळीच मोर्च्याला गेले आणि दिवेलागणीला परत आले ते लाल सदऱ्यानं. माझा तर धीरच सुटला. पण रक्त ह्यांचं नव्हतं. गोळी लागलेल्या एका कामगाराला ह्यांनी खांद्यावर घेतलं होतं, तो खांद्यावरच गेला. सदरा तीनदा धुतला तरी कॉलरचा डाग हटत नाही. चाळीतली माणसं ह्यांच्या पाया पडून गेली.

तू खोताच्या वाडीतल्या ब्रिजितबाईंकडे ते भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते शिकतेस म्हणून मी तुला हसले होते. आता हसत नाही. ह्यांच्या नावानं एक पत्ता काढ. हे दर वेळी धड घरी येतील ना, एवढंच विचार.

उजव्या हातावर कढत पेज सांडली, म्हणून अक्षर वाकडं आहे. मीरा मजेत. घरच्यांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आक्का

गिरगाव, ता. १ डिसेंबर १९५५

ती. सौ. आक्कास, बकुळाचा शि. सा. न. वि. वि.

पत्ता काढला. पण आधी ब्रिजितबाईंची शिकवण सांगते, नाहीतर तू घाबरशील. त्यांचा भाऊ बोटीवर खानसामा होता, त्यानं हे पत्ते आणले. पहिल्याच दिवशी मला घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा आला. मी किंचाळले. त्यांनी माझं बोट धरून चित्राच्या कोपऱ्यावर नेलं. तिथं दोन बुरुजांमध्ये सूर्य होता. म्हणाल्या की पत्त्याचं नाव म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. चित्रात कोण उभं आहे, कोण कुठे बघतंय, पाणी कुठे आहे, ते आधी नीट बघायचं. तोंड मग उघडायचं.

दत्तारामभावोजींचं नाव घेऊन पत्ता उचलला, तर निघाली एक बाई. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर, आणि भोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. मी म्हटलं, चुकलं, मी पुरुषाचं विचारलं होतं. त्या म्हणाल्या की पत्ता बहुतेक वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर देतो, ज्याच्याबद्दल विचारलं त्याला नाही. आणखी बघायला लावलं. तेव्हा दिसलं, हात बांधलेत, पाय मोकळे आहेत. तलवारी बाजूला आणि मागे आहेत, समोर एकही नाही.

मग त्यांनी विचारलं की तुझी बहीण कितीदा पडते-झडते. गणपतीत तू जिन्यावरून पडलीस. दिवाळीत डोळ्याला दाराची चौकट लागली. आता पेज. आक्का, खरं काय ते लिही. मी कुणाला सांगणार नाही, ह्यांनासुद्धा.

मीराला गोड पापा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बकुळा

लालबाग, ता. ९ डिसेंबर १९५५

चि. सौ. बकुळास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. ज्या माणसाला सगळा गिरणगाव मान देतो, त्याच्याबद्दल असलं लिहिताना हात कसा धजला तुझा? पुरुषाच्या डोक्याला ताप असतो. बाहेर लाठ्या खायच्या आणि घरात बायकोची कटकट. एखाद्या वेळी हात उठतो. कुणाच्या घरात उठत नाही? पत्ते त्या बाईला परत दे आणि आपला संसार बघ.

आक्का

ता. क. त्या चित्रात बाईच्या जवळपास कुणी माणूस आहे का, तेवढं कळव.

गिरगाव, ता. १२ डिसेंबर १९५५

ती. सौ. आक्कास, शि. सा. न.

माणूस कुणी नाही. मागे लांब, उंचावर घरं आहेत. पायाखाली थोडं पाणी आहे, चालताना पाऊल भिजेल एवढंच. चित्रात कुणी नसलं तरी गिरगावात मी आहे.

बकुळा

लालबाग, ता. १९ जानेवारी १९५६

चि. सौ. बकुळास, आशीर्वाद.

टपाल बंद आहे. हे पत्र शेजारच्या बाबुरावांच्या हाती देते. ते जखमींच्या गाडीबरोबर तिकडे येणार आहेत.

तीन दिवस अश्रुधूर आणि गोळ्या. भिंतींना भोकं पडली आहेत. काल सकाळी समोरच्या गॅलरीत कोंडीरामकाका दात घासत उभे होते. गोळी गळ्यात लागली. तांब्या हातातच होता. गोळीबार चालू असताना हे धावत गेले, काकांना पाठीवर घेऊन दोन मजले उतरले. एवढा शूर माणूस मी पाहिला नाही, बकुळा. हे मी खोटं लिहीत नाही.

संध्याकाळी मी एवढंच म्हटलं की उद्या जाऊ नका. ह्यांनी माझे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. एकदा नाही. मीरा मधे आली. तिचा हात पिरगळून तिला भिंतीवर फेकलं. हाडाचा आवाज मी ऐकला. मग हे खाली बसून रडले, कोंडीरामकाकांसाठी.

बाहेर पोलीस, आत हे. सहा वर्षांच्या पोरीला मी कुठे लपवू?

उद्या सकाळी दूध-भाजीसाठी दोन तास कर्फ्यू उठणार म्हणतात. मीराला घेऊन पायी निघते. तिचा हात फळीला बांधला आहे. डॉक्टर बघून ठेव. पत्ते मात्र काढू नकोस.

आक्का

लालबाग, ता. ३० जानेवारी १९५६

सौ. कौसल्येस, आशीर्वाद.

दहा दिवस झाले. झालं ते रागात झालं. सभेत माणसं वहिनी कुठे म्हणून विचारतात. त्यांना मी काय सांगू? आपली लढाई चालू असताना घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणं शोभत नाही. रविवारी बाबुरावांना पाठवतो, त्यांच्याबरोबर ये. मीराला खाऊ पाठवत आहे.

दत्ताराम

गिरगाव, ता. ८ फेब्रुवारी १९५६

श्री. दत्ताराम यांस, नमस्कार.

बाबुराव आले होते. मीराचा प्लास्टरमधला हात बघितला आणि मला न घेताच परत गेले. खाऊ तिनं घेतला नाही, म्हणून त्यांच्याबरोबर परत पाठवला.

मला इथे छापखान्यात कागद दुमडायचं काम मिळालं आहे. सध्या ह्या चळवळीचीच पत्रकं असतात. पहिल्या दिवशी त्यावरचं ‘जुलूम’ वाचलं आणि हात थांबला. मग पुढचा कागद घेतला.

लोकांना काय सांगू, असं तुम्ही विचारता. खरं सांगा. कोंडीरामकाकांना तुम्ही उचललंत हे मी सगळ्यांना सांगते, तेही खरंच आहे. उरलेलं तुम्ही सांगा.

येत्या मोर्च्याला गिरगावच्या बायका जाणार आहेत, मीही जाणार आहे. तुम्ही तिथे असालच. तुम्ही घोषणा दिलीत तर मी मोठ्यानं साथ देईन. मोर्चा संपला की मी माझ्या वाटेनं जाईन. मागे येऊ नका.

लोभ मागत नाही. प्रकृतीला जपा.

कौसल्या