अंग धरलेली पोरगी

नांदेड, मंगळवार

प्रिय सत्यशीला,

हे पत्र तुझ्या साखरामावशीच्या डब्याच्या पिशवीतून तुझ्याकडे येईल. ती उद्या लातूरला निघाली आहे. तुझ्या मेसेजला उत्तर मेसेजनेच दिलं असतं, पण भरतीच्या त्या अकॅडमीत तुमचे मोबाइल आठवडाभर सरांच्या कपाटात असतात आणि सर ते उघडून वाचतात, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. शिवाय मोबाइलवर मी तुला नुसत्या शिव्या दिल्या असत्या. कागदावर शिव्या लिहायच्या म्हटलं की हात दुखतो, म्हणून जरा माणसासारखं लिहीन.

आधी माझं ऐक. मी अजून शिवशंकरमामाकडेच आहे. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळेनासं झालं आणि हाड आतल्या आत मेलं, असा हा आजार. डॉक्टरबाईंनी त्या हाडाला भोक पाडलंय, आता नवं रक्त धरतंय का ते बघायचं. धरलं तर माझा पाय माझाच राहील. नाही धरलं तर एकविसाव्या वर्षी खुब्यात धातूचा गोळा. डाव्या खुब्यातही सुरुवात दिसतेय. तोवर कुबड्या, उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही. पळणं तर राहूच दे. सत्ये, मला माझीच किळस येते गं. काहीतरी मेलेलं पोटाखाली घेऊन मी जेवते, झोपते, केस विंचरते. उंदीर मेला तर घरातली माणसं कपाटं सरकवून शोधतात. मी कुठे सरकवू?

भेटायला येणाऱ्यांचा तर वीट आलाय. केळी घेऊन येतात, पलंगावर माझ्या पायाजवळच बसतात आणि माझ्यादेखत आईला विचारतात, "आता लग्नाचं कसं करताव?" एक बाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं इतकं पळावंच कशाला?" त्याच बाईंनी मागच्या वर्षी मी आठशे मीटरला पहिली आले तेव्हा माझ्याबरोबर फोटो काढून घेतला होता. एकांनी तर स्थळही आणलं. बायको वारलेला, दोन लेकरं, "जमीन चांगली हाय, आन् पोरगी बसून खाईल." मी म्हटलं, मला बसताच येत नाही नीट, कमोड बसवून द्याल का त्यांच्याकडे? आई रडायला लागली, मामा उठून बाहेर गेले आणि त्या गृहस्थांनी चहा मात्र संपवला.

वीरेश सरही येऊन गेले. सर वाईट असते तर किती सोपं झालं असतं! ऑपरेशनच्या दिवशी रक्त लागलं तर द्यावं म्हणून ते सकाळपासून बाकावर बसून होते, पाण्याचा घोटही घेतला नाही. आणि मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी काय केलं, तर पलंगावरच माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटो काढला. सलाइन लावलेल्या हातात नारळ! मग वाकून हळूच म्हणाले, "पुडीचं डाक्टरला काही बोलू नको बरं का. जडीबुटी हाय ती, उगं अकॅडमीचं नाव खराब होतंय." मी हो म्हटलं. सवयच ती, सरांना हो म्हणायची. ते गेले आणि मला तो नारळ खिडकीतून फेकावासा वाटला. आईने त्याची चटणी केली. मी खाल्ली नाही.

पुडीची कथा तुला अर्धीच माहीत आहे. तू अकॅडमीत आलीस तेव्हा मी ती खात होते, पण तुला सरांनी अजून दिली नव्हती आणि तू माझ्यावर जळायचीस. सरांना ती कुणाकडून मिळायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रोज दुधातून एक, ताकदीची. खरं सांगते, काय पळायचे मी! दुखणं नाही, थकवा नाही, भूक तर अशी की भाकरी पुरायची नाही. दिवाळीत घरी गेले तर अख्खं मुरुड खूश. गाल वर आलेले, चेहरा गोल, गळ्याखाली मांस. "लेकरानं अंग धरलं बघा," म्हणत आईने माझी दृष्ट काढली. आमच्यात वाळकी पोरगी म्हणजे घरच्यांची नाचक्की. आईला वाटलं, देवानं ऐकलं. मी घरी असले की ती स्वतः दूध तापवून त्यात पुडी ढवळायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर बसायची. पोटावर जांभळ्या रेघा आल्या, हनुवटीवर केस आले, ते मी कुणाला दाखवलं नाही. तूसुद्धा पाहिलं नाहीस, मी आंघोळीला सगळ्यांच्या आधी जायचे.

मग गुडघा दुखायला लागला. गुडघा! खुबा मरत होता आणि ओरडत होता गुडघा. आई म्हणाली नस चढली. मुरुडच्या बाजारात नस उतरवणारा एक जण बसतो, त्याच्याकडे नेलं. त्याने मला चटईवर पालथं घातलं, माझ्या कमरेवर टाच रोवली आणि पाय ओढला. त्याच्या पायाला तेलाचा आणि तंबाखूचा वास येत होता. मी किंचाळले तर म्हणाला, "उतरली बघा." बघणाऱ्या बायकांनी माना डोलावल्या. तो वास अजून नाकातून जात नाही.

सर येऊन गेल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, पोरीला काही औषधं चालू होती का? मी सरांचा शब्द राखून गप्प. आईला वाटलं, बाई आपल्याला पोर उपाशी ठेवणारी समजतायत. तिने अभिमानाने मोबाइल काढला आणि दिवाळीचा फोटो दाखवला. "बघा की, अशी भरली होती. पुडी चालू होती ना ताकदीची." डॉक्टरबाईंनी फोटो मोठा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मग आईलाच खुर्ची दिली. आमच्याकडून त्यांनी तपासायला नेलेल्या पुडीत स्टेरॉइड निघालं, त्यानेच अंग फुगलं आणि त्यानेच हाड मेलं. आईने ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "म्या ढवळून पाजलं ते?" तेव्हापासून ती दूध तापवत नाही. चहा मामा करतात. मला सरांचा राग येतो, पुडीची शिसारी येते, पण आईचा राग आणायचा म्हटलं तरी येत नाही, आणि त्याचाही राग येतो.

आता तुझा मेसेज. शनिवारी मोबाइल हातात आल्या आल्या तू मला लिहिलंस, "सरकडच्या पुड्या संपल्यात. तुझ्याकडं राहिल्या असतील तर मावशीजवळ दे. ग्राउंड महिन्यावर आलंय. तुला आता काय कामाच्या?" म्हणजे मी गेल्यावर तुझा नंबर लागला. मी तो मेसेज वाचून मोबाइल पालथा टाकला. सत्यशीला, तुला भरती व्हायचंय, घरी लहान बहिणी आहेत, सगळं कबूल. पण असं मागताना तुला काहीच वाटलं नाही? पुड्या मिळणार नाहीत. मी तुला नुसतं "खाऊ नकोस" असं लिहिणार होते, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, खूप दिवस खाल्लेली एकदम सुटली तर माणूस कोसळतो, त्यांच्या नजरेखाली हळूहळू सोडवावी लागते. आणि सरांकडच्या तर संपल्याच आहेत. म्हणून मावशीबरोबर परत नांदेडला ये. परवा, गुरुवारी, त्या बघतात, तुझं नाव मी सांगून ठेवलंय. सरांना काय सांगायचं ते सांग, मी मेले म्हणून सांग. नाही आलीस तर मी येईन. एसटीच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत, बसून, हातांवर रेटत चढाव्या लागतील, स्टँडवरच्या सगळ्या लोकांसमोर. पाय टेकला तर टेकला. हाड धरायचं नसेल तर न धरो. पण मी येईन, मैदानावर येईन, आणि तुला हाताला धरून घेऊन जाईन.

तुझीच, अजून तुझ्यावर चिडलेली,
राजकन्या